पंधराव्या आकड्याचा घोळ : मोबाईलचा नंबर आणि दुकानदाराचे बिल

आमच्या बाजारात एका गल्लीत पूर्वी कापडाची चार दुकाने होती आणि पाचवे शिंप्याचे होते. आज त्याच गल्लीत कापडाची दोन दुकाने उरली आहेत, शिंपी एकही नाही आणि मोबाईल दुरुस्तीच्या सहा टपऱ्या झाल्या आहेत. मागवाल्यांच्या, रंगाऱ्यांच्या आणि शिंप्यांच्या घरांतली मुले मोठ्या संख्येने या धंद्यात आली आहेत. भांडवल थोडे लागते, हात कसबी आहे, नजर बारीक आहे. धंदा या मुलांना मानवला. जुना संच घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि चार पैसे ठेवून विकायचा, यावर आज कितीतरी चुली पेटतात.

परंतु या धंद्यात एक आकडा असा आहे की, तो नीट समजून न घेतल्यास सरळ मार्गाने चालणारा दुकानदारही गोत्यात येतो. मोबाईलच्या ओळख-नंबरातला पंधरावा आकडा, तोच हा. आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्रविद्येशी आमचा संबंध नाही. तरीही हा विषय आम्हाला शिकावा लागला, त्याला कारण घडले. ते आधी सांगतो.

एक संच, तीन कागद, तीन नंबर

२०२१ सालची गोष्ट. आमच्या दुकानासमोर टपरी चालवणारा एक तरुण आहे. त्याचे वडील आमच्याच मालावर रंगकाम करीत. मुलाने एक जुना संच रीतसर विकत घेतला. देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेतली, पावती फाडली, पावतीवर मोबाईलचा पंधरा आकडी नंबर लिहिला, तारीख टाकली आणि सही घेतली. महिनाभराने तो संच एका गिऱ्हाइकाला विकला. त्याचेही बिल दिले. आमच्या मते एवढी काळजी घेणारे दुकानदार त्या बाजारात दोन-चारच असतील.

पुढे पोलीस आले. त्या संचावरून पूर्वी कोणीतरी फसवणुकीचे फोन केले होते. मुलाने पावती काढून दाखवली. फोन केल्याच्या तारखा आधीच्या, संच खरेदी केल्याची तारीख नंतरची. प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. पण तपास करणाऱ्या हवालदाराने मोबाईल कंपनीकडून आलेली यादी पावतीशेजारी ठेवली आणि बोट दाखवले. पावतीवरच्या नंबराचा शेवटचा आकडा सात होता, यादीतल्या नंबराच्या शेवटी शून्य होते. मधल्या काळात संचात दुसऱ्या कंपनीचे सिम घातले गेले होते, म्हणून त्या कंपनीचीही यादी मागवलेली होती. तिच्यात तर नंबर सोळा आकड्यांचा निघाला.

हवालदारसाहेब म्हणाले, "पावती दुसऱ्याच मोबाईलची आहे. ही आता बनवली असेल."

आम्ही दोघे-तिघे व्यापारी मुलाच्या वडिलांबरोबर ठाण्यात गेलो. संच मेजावरच होता. त्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबायला सांगितली. पडद्यावर नंबर उमटला, तो सातनेच संपत होता. आम्ही अदबीने विचारले, "साहेब, यादीशी जुळत नाही म्हणून पावती खोटी असेल, तर हा संचही यादीतला नव्हे. आणि संच यादीतलाच असेल, तर पावतीही त्याचीच आहे." साहेब विचारात पडले. पण कागद कागदाशी जुळत नव्हता, आणि सरकारी कामात कागदच बोलतो.

शेवटी प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर शाखेत गेले. तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याने दोन मिनिटांत सांगितले, "पहिले चौदा आकडे पाहा. पुढचे सोडून द्या." तिन्ही कागदांवर पहिले चौदा आकडे एकच होते. मुलगा मोकळा झाला. मात्र तोवर टपरी अकरा दिवस बंद राहिली होती, विक्रीचे संच ठाण्यात अडकले होते आणि बाजारात व्हायची ती कुजबुज होऊन गेली होती. टपरी पुन्हा उघडता येते. गेलेले नाव परत मिळवायला वेळ लागतो.

त्या अधिकाऱ्याने जे दोन मिनिटांत सांगितले, ते आपल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते तर अकरा दिवस गेले नसते. म्हणून हा लेख.

नंबरात काय काय असते?

मोबाईलच्या या नंबराला आयएमईआय म्हणतात. सिम कार्ड बदलले की फोन नंबर बदलतो, पण हा नंबर संचाचा असतो, सिमचा नव्हे. दोन सिमच्या संचाला असे दोन नंबर असतात. कापडाच्या गाठीवर गिरणीचा शिक्का, मालाची जात आणि गाठीचा अनुक्रमांक असतो, तशीच याची मांडणी आहे.

पहिल्या आठ आकड्यांवरून संच कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या नमुन्याचा आहे ते कळते. हे आठ आकडे कंपनीने मनाने घ्यायचे नसतात. मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिच्या व्यवस्थेखाली ते वाटून दिले जातात. त्यांतले पहिले दोन आकडे नंबर वाटणाऱ्या संस्थेचे. ३५ ब्रिटनमधल्या संस्थेचे, ०१ अमेरिकेतल्या, ८६ चीनमधल्या आणि ९१ भारतातल्या. पुढचे सहा आकडे त्या संचाचा स्वतःचा अनुक्रमांक. असे चौदा झाले. संचाची खरी ओळख या चौदा आकड्यांत पूर्ण होते.

जुन्या संचांबाबत एक फरक ध्यानात ठेवावा. पूर्वी पहिले सहा आकडे नमुन्याचे आणि नंतरचे दोन आकडे कोणत्या कारखान्यात जुळणी झाली त्याचे असत. २००३ आणि २००४ या वर्षांत ही पद्धत बदलून आठही आकडे नमुन्याचे झाले.

आता पंधरावा आकडा. तो ओळखीचा नसून पडताळ्याचा आहे. आधीच्या चौदा आकड्यांवर एक हिशेब केला की तो निघतो. लिहिताना कोणी एखादा आकडा चुकवला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते.

हा हिशेब हान्स पीटर लून या गृहस्थांचा. त्यांनी १९५४ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली पेटंट मिळाले. बँकेच्या कार्डांवरचे नंबरही याच हिशेबाने तपासले जातात. आपल्या वाचकांना विशेष वाटेल ती गोष्ट अशी की, लून हे संगणकाच्या कंपनीत जाण्यापूर्वी कापडाच्या धंद्यात होते. जर्मनीतील बार्मेन गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. कापडाच्या कामानिमित्तच ते अमेरिकेत गेले. कापडावर ठेवली की इंचात किती धागे आहेत ते सांगणारी एक पट्टी त्यांनी तयार केली, ती त्यांच्या नावावरून लूनोमीटर म्हणून ओळखली जाते. ज्या माणसाने कापडातले धागे मोजण्याची सोय केली, त्याचाच पडताळा आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

हिशेब घरी करून पाहा

हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. चौदा आकडे मांडा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, अशा चौदाव्यापर्यंतच्या सम जागांवरचे आकडे दुप्पट करा. दुप्पट दोन आकडी आली तर ते दोन आकडे मिळवून एक करा, म्हणजे चौदाचे पाच, सोळाचे सात. मग सगळ्यांची बेरीज घ्या. बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत पोहोचायला जेवढे कमी पडते, तो पंधरावा आकडा. बेरीज पुरती दहाच्या पटीत आली तर पंधरावा आकडा शून्य.

उदाहरणादाखल १३५७९०२४६८११२२ हा नंबर घेऊ. सम जागांवर ३, ७, ०, ४, ८, १, २ आहेत. दुप्पट करून ते ६, ५, ०, ८, ७, २, ४ झाले; बेरीज ३२. उरलेल्या जागांवर १, ५, ९, २, ६, १, २ आहेत, बेरीज २६. एकूण ५८. साठाला दोन कमी. म्हणजे पंधरावा आकडा २ असायला हवा.

हा नंबर आम्ही सहज म्हणून घेतलेला नाही. आधी विषम आकडे, मग सम आकडे, अशी त्याची ठेवण पाहिली की तो कोणीतरी बसल्या जागी रचला आहे हे कळते. स्वस्त चिनी संचांत हाच नंबर शेवटी शून्य लावून असंख्य ठिकाणी सापडला. त्याकडे पुढे येऊ.

नियम एक, पाळणारे अनेक

मग कंपनीच्या यादीत शेवटी शून्य का आले? कारण नियमच तसा आहे. जीएसएमच्या काळापासून चालत आलेला हा नियम आता थ्री-जीपीपी या संस्थेच्या २३.००३ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहे. त्याप्रमाणे पडताळ्याचा आकडा संचाने टॉवरकडे पाठवायचा नसतो. त्या जागी शून्य पाठवायचे असते. पडताळ्याचा आकडा माणसाच्या हाताने होणाऱ्या चुकांसाठी आहे. यंत्र यंत्राशी बोलते तेव्हा त्याची गरज नाही.

म्हणून खोक्यावर, बिलावर आणि पडद्यावर खरा पंधरावा आकडा दिसतो, आणि कंपनीच्या नोंदीत त्या जागी बहुधा शून्य असते. यात कोणाची लबाडी नाही. दहातून एखाद्या संचाचा पडताळ्याचा आकडाच शून्य निघतो. तेव्हा दोन्ही कागद आपोआप जुळतात आणि कोणाला शंकाही येत नाही. उरलेल्या नऊ जणांनी मात्र खुलासा करायचा.

एवढेच असते तरी ठीक होते. शेवटचे शून्य म्हणजे रिकामी जागा, हे एकदा सर्वांना सांगितले की भागले असते. पण मोबाईल कंपनी आपली सगळी यंत्रे स्वतः बनवत नाही. टॉवरचे यंत्र एका कारखानदाराचे, मधल्या केंद्राचे दुसऱ्याचे, बिलाचे तिसऱ्याचे. प्रत्येकाने नियम आपल्या परीने वाचला. कोणाच्या यंत्राने शेवटी शून्य ठेवले. कोणी ते छाटून चौदाच आकडे नोंदवले. कोणी स्वतः हिशेब करून खरा पडताळा लिहून ठेवला. त्याहून वेगळा एक प्रकार सोळा आकडी आहे. त्यात चौदा आकड्यांनंतर संचाच्या आतील सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे दोन आकडे येतात. हाही नियमातलाच आहे, पण त्यात पडताळ्याचा आकडा नसतोच. सोळा आकडी नंबर पाहून कारकुनाने शेवटचा एक आकडा जास्त झाला म्हणून काढून टाकला, तर उरलेला पंधरावा आकडा आवृत्तीचा असतो. तो पडताळ्याशी जुळला तर तो निव्वळ योगायोग समजावा.

नियम करणाऱ्यांनीही थोडी मोकळीक ठेवली आहे. फोर-जीच्या काळात केंद्रांनी आपसात हा नंबर कसा सांगावा याच्या दस्तऐवजात, आकडे चौदा असावेत आणि पंधरा असले तरी चालतील, अशा अर्थाचे वाक्य आहे. ‘असावेत’ आणि ‘चालतील’ या दोन शब्दांच्या फटीतून किती घोळ आत शिरतो, हे आपण व्यापाऱ्यांना सांगायला नको. सौद्याच्या चिठ्ठीत ‘अंदाजे’ लिहिले की पुढे भांडण ठरलेले.

कापडातले उदाहरण देतो. सौदा मीटरचा झाला, माल वारात मोजून आला आणि बिल्टीवर नुसते शंभर लिहिले. तिघेही खरे बोलत असतात, तरी हिशेब बसत नाही. एकक लिहिले असते तर बसला असता. मोबाईलच्या यादीतही तेच आहे. हा नंबर चौदाचा, पंधराचा की सोळाचा, आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा की रिकाम्या जागेचा, हे यादीच्या माथ्यावर लिहिले असते तर आमच्या शेजाऱ्याचे अकरा दिवस वाचले असते.

पस्तीसचे त्रेपन्न

आणखी एक गंमत त्या अधिकाऱ्याने सांगितली. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाल्यामुळे ती आम्हाला चटकन समजली. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्यातले आकडे डावीकडून उजवीकडे वाचायचे. लहानपणी आम्ही यात चुकत असू आणि मास्तरांचा मार खात असू. मराठी असो वा उर्दू, बोलताना आपण एकक आधी घेतो. पस्तीस म्हणताना पाच आधी येतात, तीस मागून. ऐकले तसे लिहिणारे मूल ५३ लिहून ठेवते.

मोबाईलचा नंबर एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जातो तेव्हा दोन-दोन आकडे एकेका खान्यात भरले जातात आणि प्रत्येक खान्यात दुसरा आकडा वरच्या, पहिला खालच्या अर्ध्यात बसतो. वाचणाऱ्या यंत्राने ते पुन्हा सरळ करून घ्यायचे असतात. न केल्यास ३५ चे ५३ होतात. पंधरा आकडे विषम असल्यामुळे शेवटच्या खान्यात एक जागा उरते, तिथे भरतीचे ‘एफ’ हे अक्षर घालतात. वर दिलेला नंबर शेवटच्या शून्यासह असा जसाच्या तसा छापला, तर ३१७५०९४२८६११२२एफ० असा दिसेल. एखाद्या यादीत नंबराच्या शेवटी असे अक्षर दिसले, तर नंबर खोटा न ठरवता जोड्या उलट करून पाहाव्यात.

शेवटचा घोळ आपल्याच दुकानातल्या संगणकात होतो. आता अनेकांनी वहीऐवजी एक्सेलमध्ये नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे. एक्सेल या नंबराला रक्कम समजते. रकमेआधीच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ०१ ने सुरू होणाऱ्या नंबरातले पहिले शून्य ते गिळून टाकते आणि पंधराचे चौदा करते. मग हे चौदा आकडे म्हणजे पडताळा काढलेला नंबर, असा भलताच समज होतो. शिवाय एक्सेल पंधराच आकडे नेमके सांभाळते. सोळा आकडी नंबर टाकला तर शेवटच्या आकड्याचे शून्य होते. उपाय सोपा आहे. नंबर भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकुराचा करून घ्यावा.

शून्यांचे संच आणि २००९ साल

इथवर सांगितले ते यंत्रांच्या सवयींचे. आता संच बनवणाऱ्यांचा कसूर. २००७-०८ च्या सुमारास बाजारात चिनी बनावटीच्या स्वस्त संचांचा पूर आला. मोठा आवाज, दोन सिम, रंगीत दिवे आणि किंमत नामांकित संचाच्या निम्म्याहून कमी. त्यांतल्या पुष्कळांना आयएमईआय नंबरच नव्हता. पंधराही जागी शून्ये होती, किंवा एकच नंबर हजारो संचांवर छापलेला होता. नंबर रीतसर घ्यायचा म्हणजे नोंदणी, तपासणी आणि खर्च आला. तो वाचवला होता.

असा संच चोरीला गेला किंवा गुन्ह्यात वापरला गेला, तर शोधायचा कसा? केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २००८ मध्ये मोबाईल कंपन्यांना सांगितले की, नंबर नसलेल्या आणि सगळी शून्ये असलेल्या संचांचे फोन जोडू नका. जून २००९ मध्ये अशा संचांच्या आयातीवर बंदी आली. मुदत वाढत वाढत ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत आली. सुमारे अडीच कोटी संच बंद पडतील, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून येत होते. हे संच कोणाकडे होते? हमाल, मागवाले, भाजीवाले, गावाहून आलेले मजूर यांच्याकडे. गिऱ्हाइकाने पैसे मोजले होते, दुकानदाराने विकले होते, कसूर बनवणाऱ्याचा होता आणि भुर्दंड शेवटच्या माणसाला बसला.

त्या वेळी मोबाईल कंपन्यांच्या संघटनेमार्फत १९९ रुपयांत संचात खरा नंबर बसवून देण्याची रीतसर सोय झाली होती. पण अनेक ठिकाणी टपरीवरच्या कारागिरांनी संगणकाला तार जोडून मनाला येईल तो नंबर भरून दिला. शून्ये गेली, पण दुसऱ्याच्या संचाचा नंबर येऊन बसला. वरचा एक-तीन-पाच-सातचा नंबर अशाच संचांतून फिरत राहिला. बंद दाराला कडी हवी म्हणून शेजाऱ्याची कडी काढून आणावी, तसा हा प्रकार.

हा रोग जुना झाला म्हणून संपला असे नाही. २०२० साली मेरठमध्ये एका पोलीस कर्मचाऱ्याचा दुरुस्त होऊन आलेला संच पुन्हा बिघडला. तपासात त्याचा नंबर बदललेला आढळला, आणि एका नामांकित कंपनीच्या साडेतेरा हजारांहून अधिक संचांवर तोच नंबर चालू असल्याचे दिसून आले.

कायदा आता कडक आहे

कारागीर बंधूंनी हा भाग नीट वाचावा. ऑगस्ट २०१७ मध्ये आयएमईआय नंबरात फेरफार रोखण्यासाठी स्वतंत्र नियम आले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सीईआयआर या मध्यवर्ती नोंदवहीची सुरुवात झाली, आणि मे २०२३ मध्ये संचार साथी या नावाने ती सोय देशभर खुली झाली. चोरीस गेलेला संच तिच्यामार्फत सगळ्या कंपन्यांच्या जाळ्यात बंद करता येतो. १ जानेवारी २०२३ पासून देशात बनलेल्या प्रत्येक संचाचा नंबर पहिल्या विक्रीपूर्वी सरकारी नोंदणीत टाकणे बंधनकारक झाले.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे या नंबरात फेरफार करणे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे रुपयांच्या कामासाठी एवढी जोखीम कोणी शहाणा माणूस घेणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, जुन्या संचांची खरेदी-विक्री करणाऱ्याने व्यवहारापूर्वी नंबर सरकारी यादीशी ताडून पाहावा, अशीही तरतूद झाली आहे.

एक गोष्ट दुरुस्तीवाल्यांच्या नेहमीच्या अनुभवातली. काही संचांचे सॉफ्टवेअर बिघडले की खरा नंबर जाऊन ००४९९९०१०६४०००० हा नंबर दिसू लागतो. तो चोरीचा नव्हे, कारखान्यातला सर्वसाधारण नंबर आहे. गंमत म्हणजे पडताळ्याच्या हिशेबात तो बरोबर बसतो. म्हणजे हिशेब जुळला तरी नंबर खरा असेलच असे नाही. नोट मोजून बरोबर भरली तरी ती खरी आहे का ते वेगळे पाहावे लागते, तसेच हे. असा संच हाती आला तर गिऱ्हाइकाला दाखवून, लिहून, कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावा. स्वतः नंबर भरण्याच्या फंदात पडू नये.

दुकानात काय करावे?

जुना संच घेताना नंबर गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून किंवा नुसत्या खोक्यावरून लिहू नये. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पडद्यावरचा नंबर पाहावा आणि खोक्यावरच्या, मागच्या बाजूच्या नंबराशी जुळवावा. आतला बोर्ड बदललेला असेल तर हे जुळत नाहीत. तसे असल्यास पावतीवर त्याचा उल्लेख करावा किंवा संच घेऊच नये. दोन सिमच्या संचाचे दोन्ही नंबर पूर्ण पंधरा आकडी लिहावेत. देणाऱ्यासमोर पडद्याचा फोटो काढून ठेवला तर अधिक चांगले.

घेण्यापूर्वी केवायएम ही तीन अक्षरे इंग्रजीत, मग एक जागा सोडून पंधरा आकडी नंबर, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. संचार साथीवरही पाहता येते. उत्तरात आलेला नमुना आणि हातातला संच एकच आहे का ते बघावे. हातात एका कंपनीचा संच आणि उत्तरात दुसरीच कंपनी आली, तर तो संच काउंटरवरूनच परत करावा.

पावतीच्या छापील नमुन्यात एक ओळ वाढवून घ्यावी, अशी आमची सूचना आहे : ‘पहिले १४ आकडे संचाची ओळख, १५ वा पडताळ्याचा, मोबाईल कंपनीच्या नोंदीत त्या जागी शून्य असू शकते.’ एवढी ओळ छापायला काही खर्च नाही, आणि ऐन वेळी ती ओळ आपली बाजू मांडते.

आणि दुर्दैवाने कोणी यादी घेऊन आलेच, तर हुज्जत घालू नये, घाबरूही नये. अदबीने सांगावे की पहिले चौदा आकडे ताडून पाहा. यादीत ०१ किंवा ०० ने सुरू होणाऱ्या नंबरात एक-दोन आकडे कमी दिसत असतील, तर सुरुवातीचे शून्य गळाले आहे का ते पाहायला सांगावे. आमचा अनुभव असा की, अधिकारी बहुतेक वेळा ऐकून घेतात. त्यांनाही चुकीच्या माणसामागे वेळ घालवायचा नसतो. मात्र नीट सांगणारा हवा.

आमच्या शेजारचा तो तरुण आजही समोरच बसतो. त्याने पावतीवर ती ओळ छापून घेतली आहे. कोणी जुना संच विकायला आला की, काउंटरवर ठेवलेल्या वहीत तो चौदा आकडे मांडतो, पंधरावा स्वतः काढतो आणि मग पडद्याकडे पाहतो. त्याचे वडील आमच्या दुकानात येऊन बसतात तेव्हा हसून म्हणतात, "रंग लावायच्या आधी धागा तपासायचा, हे मी याला शिकवले होते. हा आता आकड्यांवर करतो."